पुलाखालून पाहिलेला पूल

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण.)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, ‘अमेरिकेतल्या अनुभवांवर बोल.’ ते मी टाळणार आहे. तिथला बर्फ, तिथली शिस्त, तिथे भाकरीचं पीठ कुठे मिळतं, हे सगळं तुम्ही तुमच्या मुलांकडून ऐकलेलं आहे. मी तिथे तीस वर्षं जे काम केलं त्याबद्दल मात्र काल रात्री जेवताना तिघांनी मला विचारलं, आणि तिघांनाही ते नीट कळलं नाही. ‘म्हणजे तू पूल बांधायचास?’ नाही. ‘मग डिझाइन करायचास?’ तेही नाही. मी पूल तपासायचो. दुसऱ्यांनी बांधलेले, बहुतेक माझ्या जन्माआधीचे. खालून, लोंबकळत, हातात हातोडी घेऊन. आईला हे समजावून सांगायला मला बरीच वर्षं लागली. ती शेजारी सांगायची, ‘पुलाचा डॉक्टर आहे.’ त्यात चूक काही नव्हती, फक्त पेशंट बोलत नाही.

आज एका पुलाबद्दल सांगतो. अमेरिकेत ओहायो नावाची मोठी नदी आहे. तिच्या पश्चिमेला ओहायो राज्य, पूर्वेला वेस्ट व्हर्जिनिया. ओहायोच्या काठावर गॅलिपोलिस नावाचं छोटं गाव आणि पलीकडे, थोडं वरच्या अंगाला, पॉइंट प्लेझंट. महाड-पोलादपूरपेक्षाही कमी अंतराचा हा मामला आहे. एका राज्यात राहायचं, दुसऱ्यात कामाला जायचं, मुलीचं सासर पलीकडे, दवाखाना अलीकडे. राज्याची हद्द नदीच्या मधोमध असेल असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. स्वातंत्र्यानंतर १७८४ मध्ये व्हर्जिनियाने पलीकडचा मुलूख केंद्राला दिला, पण नदी स्वतःकडे ठेवली. पुढे १८६३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया वेगळं झालं, आणि नदीही त्याच्याकडे आली. त्यामुळे जवळजवळ सगळा पूल एका राज्यात, आणि त्याचं एक टोक तेवढं दुसऱ्यात. आपल्याकडे नदीच्या वाट्यावरून भावकी कशी भांडते ते आठवा आणि पुढे ऐका.

आज तिथे जो पूल आहे त्याचं नाव सिल्व्हर मेमोरियल ब्रिज. मेमोरियल म्हणजे स्मारक. गॅलिपोलिस आणि हेंडरसन या गावांना जोडणारा पोलादी, कॅन्टिलिव्हर पद्धतीचा रस्त्याचा पूल. तो १५ डिसेंबर १९६९ रोजी खुला झाला. पुलाच्या उद्घाटनाला हिवाळ्यातला असा दिवस कोणी धरत नाही. तो दिवस मुद्दाम धरला होता, कारण बरोबर दोन वर्षांपूर्वी, १५ डिसेंबर १९६७ ला, त्याच्या आधीचा पूल पडला होता.

तो आधीचा पूल म्हणजे सिल्व्हर ब्रिज. १९२८ साली बांधलेला, अॅल्युमिनियमच्या रंगामुळे चंदेरी दिसणारा, म्हणून ते नाव. हा झुलता पूल होता, पण नेहमीच्या झुलत्या पुलासारखी तारांची दोरखंडं त्याला नव्हती. साखळी होती. साखळी म्हणजे तुमच्या सायकलची चेन डोळ्यांसमोर आणा. दोन्ही टोकांना भोक असलेल्या लांब पोलादी पट्ट्या, भोकातून घातलेली जाड पिन, मग पुढच्या पट्ट्या, पुन्हा पिन. असं एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. अशा साखळ्या जुन्या काळी इतरत्रही होत्या, पण तिथे एकेका कडीत चार-सहा पट्ट्या शेजारी शेजारी असत. इथे उष्णता देऊन अधिक ताकदवान केलेलं नवं पोलाद वापरलं, आणि ते एवढं भारी म्हणून कडीत पट्ट्या फक्त दोन ठेवल्या. हिशेबाने दोन पुरेशा होत्या. पण दोनांतली एक गेली तर काय, याला हिशेबात उत्तर नव्हतं.

शुक्रवार होता. संध्याकाळी पाचची वेळ, कामावरून परतणारे लोक, नाताळ दहा दिवसांवर आल्याने खरेदीची गर्दी. ओहायोच्या बाजूच्या मनोऱ्याजवळची एक पट्टी भोकापाशी तुटली. दुसरी एकटी, तिरपी ओढली गेली आणि पिनवरून निसटली. साखळी सुटली की झुलत्या पुलात धरून ठेवणारं दुसरं काही राहत नाही. आणि इथे मनोरेही पायाशी घट्ट नव्हते, साखळीच्याच आधाराने उभे होते. मिनिटभरात सगळा पूल नदीत. पुलावर ३७ वाहनं होती, त्यांतली ३१ पुलाबरोबर पडली. ४६ माणसं गेली. दोघांचे देह कधीच सापडले नाहीत.

पुढे नदीतून तुकडे काढून, काठावर मांडून, पूल पुन्हा जुळवावा तसा जुळवला गेला आणि ती पट्टी सापडली. भोकाच्या आतल्या बाजूला एक चीर होती. खोली किती? एक दशांश इंच. अडीच मिलिमीटर. आपल्या शाळेतल्या पट्टीवर बघा, दोन रेघा आणि अर्धी. ताण आणि गंज या दोघांनी मिळून चाळीस वर्षं ती खणली होती, आणि त्या थंडीत कडक झालेल्या पोलादाला तेवढी पुरली. मोटारी जड झाल्या होत्या हेही खरं. पूल बांधला तेव्हा घरगुती मोटार म्हणजे साधारण ६८० किलोची फोर्ड मॉडेल टी, पडला तेव्हा साधी मोटार १,८०० किलोच्या घरात गेली होती. पण नुसत्या ओझ्याने तो पडला असं समजू नका. पडला तो त्या चिरेने.

आता या चिरेबद्दल माझ्या धंद्यात पहिल्याच आठवड्यात जे शिकवतात ते ऐका. ती चीर कोणाला दिसलीच नसती. ती होती भोकाच्या आत, पिनच्या मागे, वर झाकण. सांधा सोडवल्याशिवाय ती पाहता येत नव्हती आणि सांधा सोडवायचा म्हणजे पूल उतरवायचा. मी नवा होतो तेव्हा मला वाटायचं की ही गोष्ट ‘तपासणी करा’ हे सांगण्यासाठी आहे. पण माझा मुकादम, म्हणजे आमच्या चमूचा प्रमुख, एका रविवारी मला गाडीत घालून कोलंबसहून तिथे घेऊन गेला आणि नव्या पुलाखाली उभं करून म्हणाला, ‘हा पूल का असा बांधला ते सांग.’ मला सांगता आलं नाही.

ते आता तुम्हाला सांगतो, त्यासाठी तिघांनी वर यावं. जाड दोघं आणि बारीक एक. जाड कोण हे मी ठरवत नाही.

(येथे तीन वर्गमित्र व्यासपीठावर आले. दोघे अंतर ठेवून खुर्च्यांवर बसले, दोघांनी दोन्ही हात बाजूला पसरले. हातापासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत तिरप्या काठ्या धरल्या. बाहेरच्या हातांना मंडपवाल्यांनी दिलेल्या विटांच्या गोण्या दोरीने बांधल्या. दोघांच्या आतल्या हातांच्या मध्ये फळी टांगून तिच्यावर तिसरा बसला.)

हशा पुरे. बघा, मधला जमिनीला टेकलेला नाही. दोघांच्या हातांना ताण आहे आणि काठ्यांवर दाब आहे, खरं ना? बाहेरच्या गोण्या काढल्या तर दोघंही आत कोसळतील. हा माझा शोध नाही. १८८७ मध्ये स्कॉटलंडच्या फोर्थ पुलाचा सिद्धान्त लोकांना कळावा म्हणून बेंजामिन बेकर यांनी असंच दाखवलं होतं, आणि मधे बसवलेला तरुण होता काइची वातानाबे, जपानी अभियंता. आपल्या घराचा सज्जा भिंतीतून बाहेर येतो आणि त्याखाली खांब नसतो, तोच हा कॅन्टिलिव्हर. दोन काठांवरून दोन सज्जे एकमेकांकडे वाढवत न्यायचे आणि मधली उरलेली जागा एका टांगत्या गाळ्याने भरायची. आपल्याकडचा मोठा म्हणजे हावड्याचा पूल, १९४३ चा. नदीत एकही खांब नाही आणि नट-बोल्ट नाहीत, सगळा रिव्हेटने जोडलेला. तुमच्यापैकी जे कलकत्त्याला गेले असतील त्यांनी त्याच्यावरून चालताना खाली नदी पाहिली असेल, वर पाहिलं नसेल. पुढच्या वेळी वर बघा. बसा आता तिघंही, धन्यवाद.

अशा पुलाचे दोन फायदे. ओहायो नदीत कोळशाचे बजरे दिवसरात्र चालतात, तिथे पूल बांधताना नदीत आधाराची लाकडं-लोखंड उभं करून वाट अडवता येत नाही. कॅन्टिलिव्हर दोन्ही बाजूंनी हवेत वाढवत नेता येतो. आणि दुसरा फायदा, जो मला त्या रविवारी कळला नव्हता: साखळी एकच असते. पोलादी त्रिकोणांच्या सांगाड्यात वाटा अनेक असतात आणि एकेक घटक बऱ्याच पत्र्यांचा जोडून केलेला असतो. एका पत्र्यात चीर गेली तर ती शेजारच्या पत्र्यात आपोआप शिरत नाही. पूल वाकतो, कुरकुरतो, तुम्हाला वेळ देतो. वेळ मिळाला तरच हातोडीवाल्या माणसाचा उपयोग.

पण कॅन्टिलिव्हर म्हणजे अभय असं कोणी घरी जाऊन सांगू नका. कॅनडातला क्वेबेकचा पूल याच जातीचा. बांधतानाच १९०७ मध्ये पडला, ७५ कामगार गेले. पुन्हा बांधायला घेतला, १९१६ मध्ये मधला गाळा वर चढवताना निसटला, आणखी १३. तेव्हा कुठे १९१७ ला उभा राहिला. आणि १९८३ साली कनेक्टिकट राज्यात मायानस नदीवरच्या पुलाचा टांगता गाळा पहाटे खाली गेला, कारण ज्या पट्ट्यांनी तो टांगला होता त्यांच्या पिनपाशी गंज साठत साठत त्याने पट्टी पिनवरून ढकलून बाहेर काढली. गंज ढकलतो, हे माहीत आहे का? लोखंडाचा गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांचे गज दगड कसा फोडतात, ते पाहिलंय ना? तेच. पुलावरचं पाणी वाहून जाण्याची भोकं डांबराखाली बुजली होती, पाणी सांध्यात उतरलं. तीन माणसं गेली.

सिल्व्हर ब्रिज पडेपर्यंत त्या देशात सगळ्या पुलांची ठरावीक काळाने तपासणी करण्याचा एकसारखा नियमच नव्हता. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी समिती नेमली, १९६८ मध्ये कायदा झाला आणि १९७१ पासून देशभराची मानकं लागू झाली. दर दोन वर्षांच्या आत प्रत्येक पूल पाहायचा. माझी भाकरी त्या कायद्यातून आली, असं म्हणायला हरकत नाही. सिल्व्हर ब्रिजचा जुळा भाऊही होता, त्याच नदीवर वरच्या बाजूला सेंट मेरीज गावाशी. तोही लगेच बंद केला आणि १९७१ मध्ये उतरवला. तो पडला नसता कदाचित. कोणाला ठाऊक? त्यातली चीर शोधायची सोयच नव्हती, म्हणून पाडला.

आणि इथे मला माझी स्वतःची एक हकिगत सांगायची आहे, कारण काल रात्री तुमच्यापैकी एकाने विचारलं, ‘इतक्या वर्षांत तू किती पूल वाचवलेस?’

दोन राज्यांमधला एक पूल, नाव सांगत नाही, जुना कॅन्टिलिव्हर. टांगत्या गाळ्याच्या एका पिनमध्ये आम्ही ध्वनिलहरी सोडल्या, जशी पोटाची सोनोग्राफी करतात तशी. जिथून प्रतिध्वनी यायला नको तिथून तो आला. पुन्हा केलं. दुसऱ्या यंत्राने केलं. आला. त्या रात्री मी अहवाल लिहिला आणि दुसऱ्या दिवशी पूल वाहतुकीला बंद झाला. अकरा आठवडे. एका काठावर कारखाना होता, दुसऱ्या काठावर कामगारांची घरं. जवळचा दुसरा पूल चाळीस मिनिटांच्या वळशावर. शाळेच्या गाड्या, डायलिसिसचे रुग्ण, दूध. त्या गावातल्या ज्या खाणावळीत मी दुपारी जेवायचो तिथे मालकीणबाईंनी मला जेवण वाढलं, पण बोलल्या नाहीत. एक म्हातारे गृहस्थ टेबलापाशी येऊन म्हणाले, ‘चाळीस वर्षं मी ह्या पुलावरून जातोय, एकदा हललासुद्धा नाही.’ दोन्ही राज्यांचे अधिकारी फोनवर एकच प्रश्न विचारत होते, फक्त शब्द वेगळे: नक्की चीरच आहे का? मी म्हणत होतो, पिन काढल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.

पिन काढली. त्यात खाच होती, गंजाने घासून पडलेली, बोट बसेल एवढी. चीर नव्हती.

तो म्हातारा मला पुन्हा भेटला. ‘मग पडला नसता ना?’ म्हणाला. मी त्याला सांगितलं, मला माहीत नाही, आणि आता कधीच कळणार नाही, कारण पिन नवी बसवली आहे. त्याचं समाधान झालं नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, असं मी तुम्हाला विचारणार नाही. मी तर आजही पूल बंदच करीन. पण अकरा आठवडे डायलिसिसला वळशाने जाणाऱ्या माणसाच्या हालाचा आकडा लिहिता येतो आणि न पडलेल्या पुलाचा आकडा लिहिता येत नाही, हे मी त्या खाणावळीत शिकलो. म्हणून किती पूल वाचवले या प्रश्नाला माझ्याकडे आकडा नाही.

पॉइंट प्लेझंटला आज गेलात तर गावात पंख असलेल्या, लाल डोळ्यांच्या एका राक्षसाचा चकचकीत पुतळा दिसतो. पूल पडण्याच्या आधी वर्षभर तिथल्या लोकांना असा प्राणी दिसायचा म्हणे, पतंग-माणूस. त्याच्यावर पुस्तक आलं, सिनेमा आला, दरवर्षी जत्रा भरते, हजारो लोक येतात. कोणी म्हणतं तो इशारा द्यायला आला होता, कोणी म्हणतं त्यानेच पाडला, कोणी दोनशे वर्षांपूर्वीच्या शापाची गोष्ट सांगतं. मला राग यायचा. मग मला आपण आठवलो. पुलाला बळी लागतो, पायात पोरं पुरतात, म्हणून संध्याकाळी नदीकडे जायचं नाही, ही गोष्ट आपल्यातल्या कोणाच्या आजीने सांगितली नाही? कंत्राटदाराची जीप दिसली की आपण आंब्यामागे लपायचो. अडीच मिलिमीटरवर कोणाचा विश्वास बसत नाही. छेचाळीस माणसं गेली आणि कारण नखाच्या पेराहून लहान, हे मनाला पटत नाही. राक्षस पटतो. त्याच गावात पुलाच्या स्मारकात गेलेल्या प्रत्येकाच्या नावाची वीट आहे. तिथे मी गेलो तेव्हा कोणी नव्हतं.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मी कोलंबसला होतो. तिथे दुपार होती. पुतण्याचा फोन आला की सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला, दोन एसटी गाड्या होत्या, जयगडहून आणि राजापूरहून मुंबईकडे निघालेल्या. तुम्ही सगळे इथे होतात, तुम्ही त्या दिवसांत काय पाहिलं ते मी तुम्हाला सांगणं बरोबर नाही. कमानीचा दगडी पूल आणि पोलादी पूल यांची दुखणी वेगळी. दगडी पूल बहुधा खालून मरतो, पाणी पायाखालची माती उकरून नेतं आणि वर रस्ता तसाच गुळगुळीत दिसत राहतो. पुढच्या जूनमध्ये नवा पूल खुला झाला, राज्यातल्या जुन्या पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले. ते काम करणारी तरुण मुलं असतील. त्यांतलं कोणी आपल्या शाळेचंही असेल. त्यांना कधी कुठला पूल बंद करावा लागला आणि तुम्हाला बाजारासाठी वळसा पडला, तर त्यांच्याशी जेवताना दोन शब्द बोला, एवढी माझी विनंती आहे.

विज्ञानाच्या आमच्या सरांनी आत्ता चिठ्ठी पाठवली आहे: ‘वेळ संपली, पण बेअरिंग म्हणजे काय ते सांगितलं नाहीस.’ सर, ते बोलून कळत नाही. उद्या सकाळी सात वाजता मी नव्या पुलाखाली जाणार आहे, काठाने जितकं जाता येईल तितकं. ज्यांना यायचं आहे त्यांनी शाळेच्या फाटकापाशी या. चपला नकोत, बूट घाला, आणि गुडघे दुखणाऱ्यांनी काठी आणा. उन्हं चढायच्या आत परत येऊ.